ऑइलच्या झाकणाखालची साय

२१ डिसेंबर २०२५, रविवार. सोलापूरहून तुळजापूरला जायचं होतं. सासूबाई तयार होऊन पायरीवर बसल्या होत्या, मुलगी मागच्या सीटवर जाऊन बसलीसुद्धा होती. काचेवर मारायचं पाणी संपलं होतं म्हणून मी बॉनेट उघडलं, आणि उघडलंच आहे तर ऑइल बघू म्हणून ऑइल भरायचं झाकण फिरवून काढलं. झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ कॉफीच्या रंगाचा थर बसला होता. दुधावर साय धरते तसा, पण साईपेक्षा घट्ट. बोटाने ओढला तर चक्क्यासारखा निघाला. दोन बोटांत चोळला तर आधी चिकट लागला, मग बोटांवर पाण्याचा बारीक ओलसरपणा राहिला आणि खाली तेलाचा बुळबुळीतपणा. वास फक्त ऑइलचा.

ऑइल काळं होतं हे मला माहीत होतं. पांढरं होतं हे माहीत नव्हतं. आम्ही तुळजापूरला एसटीने गेलो.

गाडी २०१४ची, डिझेल. २०२२ साली बार्शीच्या एका गृहस्थांकडून घेतली. त्या रविवारी किलोमीटर १,१२,४०० होते आणि शेवटचं ऑइल ऑगस्टमध्ये बदललं होतं. नवरा रेल्वेत आहे, ड्युटी दौंडच्या बाजूला, त्यामुळे गाडीचं सगळं माझ्याकडे. मी पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. तारीख आणि पावती जपून ठेवायची सवय तिथलीच, आणि या दोन महिन्यांत तिचा फार उपयोग झाला. झाकणाखाली असं काही दिसलं की पहिले दोन दिवस पोटात नुसता गोळा येतो आणि जो तो इंजिन खोलायलाच सांगतो. तसा गोळा कुणाच्या पोटात आला असेल, तर त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

२२ तारखेला ऑफिसला जाण्याआधी आमच्या भागातल्या एका गॅरेजमध्ये गेले. तिथल्या माणसाने झाकण उघडलं, दोन सेकंद पाहिलं, आणि म्हणाला, "ऑइलचं दूध झालंय. हेड गॅस्केट गेलंय. इंजिन उतरवावं लागंल." हेड म्हणजे इंजिनचं डोकं, आणि गॅस्केट म्हणजे ते आणि खालचं इंजिन यांमधला सांधा बंद ठेवणारी पातळ चकती. अंदाज ६८,००० रुपये, त्यातले २०,००० आधी. मी विचारलं, कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची) बाटली बघितलीत का? ती त्याने उघडलीच नव्हती. मला तेव्हा त्यातलं काही कळत नव्हतं. आदल्या रात्री वाचताना "ऑइलमध्ये पाणी उतरलं तर ते कूलंटचं असू शकतं" एवढं एक वाक्य लक्षात राहिलं होतं, त्याच्या जोरावर विचारलं. अंदाज मी कागदावर लिहून घेतला. तोंडी आकड्यावर कुणीच काही ठरवू नये. लिहून मागितलं की समोरचा माणूस आकडा पुन्हा एकदा नीट बघतो. गाडी तिथे सोडली नाही.

त्याच संध्याकाळी विम्याची पॉलिसी काढून वाचली. इंजिन संरक्षणाची जोड मी घेतलेली होती, वर्षाला हजार-बाराशे जास्त भरून. २३ला फोन केला. दाव्याचा क्रमांक मिळाला आणि एक महत्त्वाची सूचना: सर्व्हेअर बघून जाईपर्यंत इंजिनचा एकही नट उघडायचा नाही. हे माहीत असू द्या. उत्साहात आधी खोललं तर दावा नाकारला जाऊ शकतो.

सर्व्हेअर शनिवारी, २७ला आले. अर्ज, आरसीची प्रत, लायसन्सची प्रत, पॉलिसी, त्या गॅरेजचा लेखी अंदाज, सगळं फाइलला लावून ठेवलं होतं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा गाडी पाण्यातून नेली होती का? शेजारच्या दोघांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "हो म्हणा, पैसे मिळतील." मी नाही म्हणाले, कारण नेलीच नव्हती. त्यांनी एअर फिल्टर काढून पाहिला, कोरडा होता, आतल्या गालिच्याखाली चिखलाची रेघ नव्हती. २ जानेवारीला पत्र आलं: अपघात नाही, बाहेरून पाणी शिरलेलं नाही, झीज किंवा यांत्रिक बिघाड पॉलिसीत बसत नाही. वाईट वाटलं. पण त्या पत्राने एक दार बंद केलं आणि पुढे कुठल्या बाजूने शोधायचं तेही थोडं कळलं.

दरम्यान, सर्व्हेअर यायच्या आधीच, २४ तारखेला मला अण्णा भेटले. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या भावाने नाव सांगितलं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीजवळ त्यांचं छोटं गॅरेज आहे, दोन गाड्या उभ्या राहतील एवढं. वय साठीच्या पुढे. घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी अस्सल सोलापुरी. त्यांनी झाकण पाहिलं, मग ऑइलची पातळी बघायची पट्टी काढून पाहिली, पुसली, परत घालून परत पाहिली. पट्टीच्या वरच्या भागाला थोडी साय होती, खाली ऑइल मात्र काळंच. मग कूलंटच्या बाटलीत टॉर्च मारला. माझ्या रुमालाने नाही, स्वतःच्या कापडाने बाटलीचा गळा आतून पुसला आणि ते कापड उन्हात धरलं. कापडावर तेलकट कडी उमटली होती.

"ताई, गडबड करू नका. आत पाणी हाय का नुसती वाफ हाय, ते आधी ठरवू. इंजिन कुठं पळून जात न्हाई."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्या रात्री लिहून काढलं. इंधन जळतं तेव्हा पाण्याची वाफ तयार होतेच, आणि तिचा थोडा भाग पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतो. इंजिन नीट तापलं की ती वाफ ब्रीदरच्या नळीतून निघून जाते. पण गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर ऑइल पुरतं तापतच नाही. वाफ सगळ्यात थंड जागी, म्हणजे झाकणाखाली, जमते आणि ऑइलमध्ये घुसळून तिची साय होते. माझ्या गाडीचं नेमकं हेच होतं: जुळे सोलापुरातून मुलीची शाळा अडीच किलोमीटर, तिथून नवी पेठेतलं ऑफिस चार. डिसेंबरातल्या सकाळी तर तापमानाचा काटा मध्यावर येईपर्यंत मी पोचलेली असते. ब्रीदरची नळी तुंबली तरी असंच होतं. ही झाली बिनधोक्याची साय. धोक्याची साय कूलंट ऑइलमध्ये उतरलं की येते, आणि दिसायला दोन्ही सारख्याच. नुसतं झाकण बघून कुणी निदान सांगत असेल तर तो अंदाज आहे, निदान नव्हे.

त्यांनी ब्रीदरची नळी काढून फुंकून पाहिली, मोकळी होती. (विम्याच्या सूचनेचं मी सांगितलं होतं, नळी म्हणजे इंजिन खोलणं नव्हे.) झाकण स्वच्छ पुसलं, आणि कूलंटच्या बाटलीवर पातळीपाशी स्केचपेनने रेघ मारली. स्केचपेनची ही रेघ फुकटची तपासणी आहे. इंजिन पूर्ण थंड असताना, रोज एकाच जागी, सपाटीवर गाडी उभी करून बघायची. गरम गाडीची बाटली उघडायची नाही, उकळतं पाणी अंगावर येतं.

नाताळच्या सुट्टीला, २५ला, अण्णा स्वतः गाडीत बसले आणि आम्ही तुळजापूर रस्त्याने हिप्परग्याच्या पुढे जाऊन परत आलो. जेमतेम तीस किलोमीटर, पण इंजिन चांगलं तापेल इतकं. तापमानाच्या काट्यावरून त्यांनी नजर हलू दिली नाही. पट्टीवरचं ऑइल पूर्ण दुधाळ असतं तर हा फेराही मारला नसता, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. दुधाळ ऑइलचा थर बेअरिंगमध्ये (इंजिनच्या फिरत्या दांड्याच्या आधारात) टिकत नाही. परत आल्यावर झाकण उघडलं तर साय जवळजवळ नव्हती. मला इतका आनंद झाला की घरी फोन करून सांगितलं, काही नाही, नुसती वाफ होती.

२६ला सकाळी सातला बाटली पाहिली. पातळी रेघेच्या एक बोट खाली होती. गाडीखाली फरशी कोरडी. रेडिएटर, नळ्या, हीटरचा पाईप, सगळीकडे कागद फिरवून पाहिला, कोरडं. पाणी बाहेर गेलेलं नव्हतं, म्हणजे आत गेलं होतं.

त्या रात्री गॅलरीत तव्याची परीक्षा केली. भंगारात द्यायचा एक लोखंडी तवा, छोटी शेगडी, डोळ्यांवर चष्मा, मुलगी आत. (तो तवा पुन्हा स्वयंपाकाला वापरायचा नाही, आणि हे घरात करायचं नाही.) ऑगस्टमध्ये उरलेलं नवं ऑइल डब्यात होतं, त्याचे दोन थेंब आधी टाकले. ते पसरले, धूर निघाला, आवाज काही नाही. मग पट्टीवरून घेतलेले दोन थेंब. ते पडले, क्षणभर तसेच राहिले, आणि मग बारीक बुडबुडे येऊन तडतडले, फोडणीत मोहरी तडतडते तसे, पण फार हळू. ऑइल कधी तडतडत नाही. तडतडतं ते त्यातलं पाणी. मी गॅस बंद केला आणि बराच वेळ तिथेच उभी राहिले.

आता दोन गोष्टी ठरवायच्या होत्या: पाणी कुठून येतं, आणि बेअरिंगचं किती नुकसान झालंय. दुसरीचं उत्तर इंजिन न खोलता प्रयोगशाळेतून मिळतं, हे अण्णांना ठाऊक होतं, कारण इथल्या कारखान्यांतल्या जनरेटरचं ऑइल तसं तपासून घेतात. मुंबईच्या एका प्रयोगशाळेला फोन केला. वापरलेल्या ऑइलच्या तपासणीचे २,४०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण २,८३२. त्यांनी फॉर्म मेलने पाठवला. फॉर्ममध्ये विचारतात: इंजिनाचे एकूण किलोमीटर, या ऑइलवर झालेले किलोमीटर, ऑइलचा ग्रेड, मध्ये भर घातली का, किती. हे रकाने रिकामे सोडू नका. आकड्यांचा अर्थ लावायला तेच लागतं. माझ्या ऑइलवर २,९०० किलोमीटर झाले होते.

नमुना घ्यायची पद्धत: इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून बंद करायचं म्हणजे ऑइल ढवळलं जातं, मग ऑइलच्या पट्टीच्या नळीतून बारीक प्लास्टिकची नळी अर्ध्यापर्यंत सोडायची आणि सिरिंजने ओढायचं. आम्ही मेडिकलमधून सलाइनचा नवा सेट आणि पन्नासची सिरिंज आणली. तळापासून ओढलं तर बसलेला गाळ जास्त येतो आणि आकडे चुकतात. १०० मिली लागतं. कुरिअर ही वेगळी कटकट निघाली. २९ तारखेला दोन ठिकाणी "ऑइल घेत नाही" म्हणून परत पाठवलं. तिसऱ्याने वस्तू स्फोटक किंवा ज्वालाग्राही नसल्याचं सही केलेलं पत्र मागितलं. प्रयोगशाळेकडून ते तयार मिळालं. बाटलीला आतून झाकण, दोन पिशव्या, मधे वर्तमानपत्र, मग खोकं. १८० रुपये. तुम्ही पाठवणार असाल तर ते पत्र आधीच मागून घ्या, माझा एक दिवस गेला तो वाचेल.

वाट बघण्याचे ते नऊ दिवस अवघड गेले. शाळेला रिक्षा, ऑफिसला सिटी बस, सासूबाईंच्या डोळ्यांच्या दवाखान्याची तारीख पुढे ढकलली. ६८,००० हा आकडा डोक्यातून जात नव्हता. रात्री हिशेब मांडायची: मोडलेली ठेव, उरलेले हप्ते.

७ जानेवारीला अहवाल आला. दोन पानं, नुसते आकडे. पाणी ०.३ टक्के. सोडियम २८६, पोटॅशियम ३१. लोखंड ४१, तांबं ९, शिसं ४, ॲल्युमिनियम ७. पाणी सोडून हे सगळे दशलक्षात इतके भाग या मापात. मी फोन करून तिथल्या तज्ज्ञ बाईंना विचारलं आणि त्यांनी फार मायेने समजावलं. बहुतेक कूलंटमध्ये गंज रोखण्यासाठी सोडियम किंवा पोटॅशियमचे क्षार घालतात. पाणी तापून उडून जातं, पण क्षार ऑइलमध्येच राहतात. म्हणून पाण्याचा आकडा लहान असला तरी सोडियम मोठं असेल तर कूलंट बऱ्याच दिवसांपासून उतरतंय असं समजायचं. नुसत्या वाफेत सोडियम नसतं. म्हणजे वाफेचा प्रश्न संपला. आणि शिसं-तांबं कमी, म्हणजे बेअरिंग अजून खाल्ले गेलेले नाहीत. कूलंटमधलं ग्लायकॉल ऑइलच्या उष्णतेत फुटलं की त्याची आम्लं होतात, ती सगळ्यात आधी बेअरिंगचा थर खातात आणि त्याच धातूंचे आकडे चढतात. "वेळेत आलात," त्या म्हणाल्या. कॅल्शियम १,८०० होतं ते पाहून मी घाबरले होते. ते ऑइलच्याच डिटर्जंटमधलं असतं, त्याने काही सिद्ध होत नाही.

विम्याचं पत्र हातात होतं, आता खोलायला हरकत नव्हती. शुक्रवारी, ९ जानेवारीला अर्धा दिवस रजा टाकून अण्णांकडे बसले.

आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते. डिझेलला ग्लो प्लगच्या (थंड इंजिन सुरू व्हायला तापणाऱ्या प्लगच्या) जागी अडॅप्टर लावून घेतात. चारही सिलिंडर २६ ते २७ बारच्या आत, एकमेकांत फरक नगण्य. मग निळ्या द्रवाची तपासणी: कूलंटच्या तोंडावर काचेची नळी लावून आतली हवा त्या द्रवातून ओढायची, जळलेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर निळा रंग हिरवट-पिवळा होतो. इंजिन शांत चालत असताना डिझेलच्या धुरात कार्बन डायऑक्साइड पेट्रोलपेक्षा कमी असतो, म्हणून अण्णांनी पोऱ्याला थोडी रेस धरायला लावली. द्रव निळाच राहिला.

मी म्हटलं, म्हणजे गॅस्केट ठीक. अण्णा म्हणाले, अजून नाही. गॅस्केटमध्ये ऑइलची वाट आणि पाण्याची वाट शेजारी शेजारी असतात. सिलिंडरकडची बाजू शाबूत राहून नुसत्या त्या दोन वाटा एकमेकींत फुटू शकतात, तेव्हा वायू येत नाही. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, तिने माझ्यासाठी सगळं कोडं उलगडलं. गाडी चालू असताना ऑइलचा दाब तीन-चार बार असतो, कूलंटचा दीडच्याही आत. मध्ये भोक असेल तर ऑइल पाण्यात जाईल, म्हणून बाटलीच्या गळ्याला तेलकट कडी. गाडी बंद केली की ऑइलचा दाब लगेच शून्य, पण तापलेलं कूलंट तास-दीड तास दाबाखालीच राहतं. तेव्हा पाणी ऑइलमध्ये जातं. म्हणजे माझी गाडी रस्त्यावर नाही, घरापुढे उभी राहून खराब होत होती. आणि या दोन्ही वाटा एकमेकींना सगळ्यात जवळ येतात ते ऑइल कूलरमध्ये. हा हाताच्या पंजाएवढा ॲल्युमिनियमचा डबा ऑइल फिल्टरच्या घराला लागून असतो. आत एकाआड एक चकत्या, एकीतून ऑइल, दुसरीतून कूलंट.

"हेड आत हाय, कूलर भायेर हाय. जे भायेर हाय ते आधी बघायचं, ताई."

संध्याकाळी पाचला थंड इंजिनाच्या कूलंटच्या तोंडावर हातपंप लावून १ बार हवा भरली आणि गाडी रात्रभर तशीच ठेवली. १०ला सकाळी आठला मी पोचले तेव्हा काटा ०.६वर आला होता. खाली जमीन कोरडी. अण्णांनी चेंबरखाली (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याखाली) पांढरा टब सरकवला आणि चेंबरचा बोल्ट अगदी सावकाश, आटा-आट्याने सैल केला. पाणी ऑइलपेक्षा जड, ते रात्रीत तळाला बसतं. पहिले दोन थेंब काळे पडले. मग धार लागली ती काळी नव्हतीच, फिक्या चहासारखी होती, पाण्यासारखी पातळ, टबात तिचा आवाजही वेगळा आला. अर्धा कप असेल. मग एकदम ती थांबली आणि तिच्या मागून ऑइलची जाड, गुळगुळीत दोरी उतरली. टबात दोन्ही काही वेळ वेगवेगळे राहिले. मी फोटो काढले, पण तो आवाज लक्षात राहिलाय.

कूलर काढून, एका बाजूची तोंडं रबराने बंद करून, तीन बार हवा देऊन बादलीत बुडवला. एका कोपऱ्यातून बुडबुड्यांची बारीक माळ निघाली आणि थांबली नाही. अण्णांनी बादली माझ्याकडे फिरवली. रडू आलं, सुटकेचं. हेडला हात लावायची गरज नव्हती.

चेंबरही उतरवायचं अण्णांनी ठरवलं, आणि बरं झालं. कोपऱ्यांत साय होती ती पुसून काढली. पण ऑइल पंपाच्या जाळीवर आणखी काहीतरी होतं: निळसर-राखी रंगाचे रबरी धागे, काही गव्हल्याएवढे. ऑइलमध्ये असलं रबर कुठून आलं? आधीच्या मालकाकडे कधीतरी चेंबर उघडून गॅस्केट मेकर (सांधा बंद करायचा सिलिकोनचा लेप) लावला होता, गरजेपेक्षा जास्त. दाबून बसवताना जादा सिलिकोन आतल्या बाजूला येतो, वाळतो, तुटतो आणि जाळीवर जाऊन बसतो. पाव जाळी बंद झाली होती. ऑइलचा दिवा कधी लागला नाही म्हणून कळलं नव्हतं. तेव्हा अण्णांनी जाळीवर काय सापडतं ते एकेक करून सांगितलं: डांबरासारखं काळं असेल तर ऑइल बदलायला उशीर, चमकणारं असेल तर लोहचुंबक लावायचं, चिकटलं तर लोखंड, न चिकटणारं पिवळसर-रुपेरी असेल तर बेअरिंग, तेव्हा मात्र गाडी चालूच करायची नाही. आमच्या जाळीवर चुंबकाला काही लागलं नाही.

नवीन कूलर पुण्याहून मागवला, वॉशरसकट ८,४५०. मग सिद्धेश्वरांची यात्रा लागली. नंदीध्वजांच्या मिरवणुका, अक्षता सोहळा. रस्ते बंद, अण्णांची दोन्ही पोरं रजेवर, पार्टवाल्याचा माणूस गावी. सोलापुरात जानेवारीच्या मध्यावर कुठलंही काम काढणार असाल तर आठवडाभर धरून चाला. आम्हीही गड्ड्याच्या जत्रेत जाऊन आलो. पार्ट १७ला आला.

त्या दिवशी अण्णांनी जुना कूलर माझ्यासमोर करवतीने कापला. मीच सांगितलं होतं, का फुटला ते बघायचंय म्हणून. पाण्याच्या बाजूच्या चकत्यांवर पांढरट-तपकिरी खडबडीत कवच होतं. नखाने खरवडलं तर भुगा निघाला. हे कवच मी ओळखत होते. दर दोन वर्षांनी आमच्या गीझरच्या कॉइलवरून प्लंबर काढतो तेच. कवचाखाली ॲल्युमिनियमला टाचणीने टोचल्यासारखे खड्डे, त्यातला एक आरपार.

मे महिन्यात कूलंट कमी दिसलं होतं. नळाला तेव्हा पाचव्या दिवशी पाणी, ते भरून ठेवलेलं प्यायला. मी बोअरच्या नळाखाली लिटरची बाटली भरली आणि ओतली. जूनमध्ये पुन्हा. नंतर गाडी धुणाऱ्या मुलाला मीच सांगून ठेवलं होतं, कमी दिसलं की भर. आरओवाल्याच्या मीटरवर आमच्या बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) १,३४० आला. जड पाण्यातले क्षार तापल्या जागी दगडासारखे बसतात, क्लोराइड ॲल्युमिनियमला टोचतं, आणि दर वेळी भर घातली की कूलंटमधलं गंजरोधक आणखी पातळ होतं. कूलंटला एरवी गोडसर वास असतो, तो पहिल्या दिवशी साईला का आला नाही, ते तेव्हा कळलं; त्यात कूलंट उरलंच फार थोडं होतं. मला हे फार लागलं. मी निष्काळजीपणाने केलं नव्हतं, पाणी म्हणजे पाणी असं समजून केलं होतं, आणि सोलापुरात माझ्यासारखं समजणारी घरं खूप आहेत म्हणून हे इतकं उघड लिहिते आहे. कूलंट कमी झालं तर बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड पाणी घाला, पाच लिटरचा कॅन गाडीत ठेवा. आणि ते पुन्हापुन्हा कमी होत असेल तर भरत बसू नका, कुठे जातंय ते शोधा.

पुढचं काम सरळ होतं, फक्त संयमाचं. १८ ते २० जानेवारीत कूलर बसवला, जाळी धुतली, चेंबरला पातळ रेघेएवढाच गॅस्केट मेकर. कूलंटच्या बाजूला ऑइल गेलेलं असल्याने रेडिएटर क्लीनर घालून तीनदा धुतलं, शेवटची धुणी डिस्टिल्ड पाण्याची. दोन रबरी नळ्या ऑइलने फुगून मऊ पडल्या होत्या, त्या बदलल्या. मग निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. ऑइल मात्र एकदम महागाचं घातलं नाही: साधं ऑइल आणि नवा फिल्टर घालून वीस मिनिटं चालवलं आणि काढलं, पुन्हा तसंच घालून ३०० किलोमीटर चालवलं आणि १ फेब्रुवारीला काढलं. साय कानाकोपऱ्यात राहते, ती अशीच निघते. त्यानंतर कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल.

काढलेलं ऑइल अण्णांच्या पिंपात गेलं. सेंटरिंगवाले (स्लॅबच्या फळ्या लावणारे) ते मागायला येतात, अण्णा देत नाहीत. २०१६च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, आणि त्यांच्याकडे नोंदणी असलेला उचलणारा येतो. गटारात तर अजिबात ओतू नका.

एकूण खर्च, दोन्ही प्रयोगशाळा तपासण्या आणि कुरिअरसकट, २८,६४४ रुपये. मजुरी त्यात ३,५००. अण्णांनी शेवटपर्यंत त्यापेक्षा जास्त घेतले नाहीत.

दुसरा नमुना २२ फेब्रुवारीला काढला, त्याच सलाइनच्या पद्धतीने. सोडियम १४, पाणी सापडलं नाही, शिसं ३. स्केचपेनची रेघ बाटलीवर अजून आहे आणि पातळी तिच्यावरच आहे. आता दर रविवारी मुलीला घेऊन हिप्परग्यापर्यंत जाऊन येते, ऑइल तापावं म्हणून. झाकण तीच उघडते आणि टॉर्च मारून सांगते, "आई, काळंच आहे."